पिल्लाने ओळखलेला आवाज

माझ्या मावशीच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. किनाऱ्यावरच्या प्राणी बचाव केंद्राने मात्र तिला त्या जिभेसाठीच नोकरीला ठेवलं. बघायला आलेल्या लोकांना ती माइकवर सांगायची, जखमी प्राण्याला हात लावू नका, खायला घालू नका. माणसाची सवय लागली की तो मेलाच समजा. "तुम्ही लाडाने मारता," असं तोंडावर सुनवायची.

मागच्या वर्षी पाणमांजराचं एक पोरकं पिल्लू आलं. त्याला मासे देणारा डॉक्टर तोंड झाकून आत जायचा, अवाक्षर काढायचा नाही. काचेबाहेर मावशीची टकळी चालू असायची. लोकांना बघता यावं म्हणून मासे देण्याची आणि भाषणाची वेळ एकच ठेवली होती. यात काही चुकतंय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मावशीच्याही नाही.

सोडण्याआधी चाचणी झाली. डॉक्टरला बघून पिल्लू लांब पळालं. "शाब्बास," दारातून मावशी म्हणाली, आणि ते धावत येऊन तिच्या पायांशी लोळलं.

"हे असंच होड्यांपाशी जाईल," डॉक्टर म्हणाला. "मच्छीमार काठीने मारतील."

"मग?"

"एक तर जन्मभर पिंजरा. नाहीतर तुमच्या आवाजाची धास्ती बसवायची."

मावशी पिंजऱ्यापाशी उभी राहून रोजचंच भाषण करायची, तितक्याच मायेने. पिल्लू धावत आलं की डॉक्टर त्याच्या कानाशी पत्रा बडवायचा, तोंडावर पाण्याचा फवारा मारायचा. ते कोपऱ्यात थरथरत बसायचं आणि ती पुन्हा बोलली की पुन्हा यायचं. मला त्या मूर्ख जनावराचाच राग यायचा. मावशी घरी गप्प झाली. आम्ही वर्षानुवर्षं जे मागत होतो ते मिळालं, तर घर खायला उठलं.

एके दिवशी ती बोलली आणि ते आलं नाही.

सोडायच्या दिवशी खाडीवर गर्दी जमली. दार उघडलं, पण पिल्लू अंग चोरून आतच बसलं. ओहोटी लागली, लोक कंटाळले. डॉक्टरने मावशीकडे बघितलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. त्याने नजर हलवली नाही. शेवटी ती पुढे झाली, वाकली.

"जा रे बाळा," ती म्हणाली.

पिल्लू किंचाळलं आणि जीव घेऊन पाण्यात पळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची एक बाई डोळे पुसत मावशीला म्हणाली, "किती ऐकतं हो तुमचं."