टाकाची मागची बाजू

पालीच्या खंडोबाला देवभेट करायचं मामंजींनी ठरवलं. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांच्या चांदीच्या प्रतिमा, देवळात नेऊन मूळ देवाला लावून आणायचे. माझे सासरे ऐंशीच्या घरातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. डोळे मिटायच्या आत एवढं करायचंच, हा त्यांचा हट्ट.

सासूबाईंचे गुडघे गेल्यामुळे टाक उजळायचं काम यंदा माझ्याकडे आलं, म्हणून मी इस्लामपूरहून औंधजवळच्या आमच्या गावी आले. खंडोबाचा टाक फक्त वरून घासायचा, सासूबाईंनी बजावलं. का, ते सांगितलं नाही. मी इतिहासाची मास्तरीण. कारण न सांगता कुणी बजावलं की माझं डोकं फिरतं. घोड्यावरचा तो स्वार, हळद चढून नाकडोळे गेलेला, मी उलटा केला आणि मागून चिंचेनं घासला. काळ्या थराखालून एका माणसाचं डोकं वर आलं. भोवती इंग्रजी अक्षरं. इंग्लंडचा राजा! कडेवर मामंजींच्या आजोबांचं नाव. हा टाक नव्हताच, पहिल्या महायुद्धातलं पदक होतं.

मागासांना सुधारायला आलो, कायदा आणला, रेल्वे आणली, असं सांगत साहेबानं जग कसं गिळलं, हे मी वर्गात तावातावानं शिकवते. आणि घरात वीस वर्षं त्याच राजाला हात जोडत होते. राग आला, हसूही आलं, पण भीती त्याहून मोठी होती. देवाला लावताना पुजारी टाक उलटा करणार. साऱ्या भावकीदेखत म्हाताऱ्याचं काय होईल?

दुपारभर मी नुसती आत-बाहेर करत होते. शेवटी चहाबरोबर तो टाक मामंजींपुढे ठेवला आणि चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी राजाचं तोंड शांतपणे खाली केलं.

“मला ठाव हाय, पोरी. पलटणीत असलाच बिल्ला बघितला, तवाच कळलं.”

मग त्यांनी सांगितलं. त्या लढाईच्या वेळी भरती करणाऱ्यांनी गावात येऊन पटवलं होतं की राजा देवासारखा, त्याची चाकरी हाच धर्म. आजोबा इराकात बसऱ्याला लढायला गेले ते गेलेच. ना मढं आलं, ना राख. आला तो बिल्ला, आणि आजीनं तो देव्हाऱ्यात ठेवला.

“लोकं खंडोबा म्हणत्यात. आजीचा त्यो नवरा हुता. त्येला एकदा देवाला भेटवायचाय. पुजाऱ्यानं इचारलं तर तूच सांग. माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई.”

पालीच्या रांगेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. वर्गात एवढं बोलणारी मी, पण एकही धड जुळेना. पुजाऱ्यानं टाक उलटा केला, राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागून भावकी वाकून बघू लागली. मामंजींनी माझा पदर धरला होता, लहान मुलानं धरावा तसा.

“हा आमच्या घरातला माणूस आहे,” मी म्हणाले. “घरी यायचा राहिलाय.”