नवमीला धुतलेला कोयता

पोलिसांच्या कागदावर पंच म्हणून सही करायला आमच्या गावात दोनच माणसं हाताशी असायची, शाळेतले मास्तर आणि मी. मास्तर तालुक्याहून ये-जा करायचे, त्यामुळं उरलो मी, सोसायटीचा सचिव. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जायचं. मी कुठं जाणार? पाण्याची मोटार चोरीला जावो की हातभट्टी सापडो, जमादारांची जीप आधी सोसायटीपुढं थांबायची. न वाचता सही करायची मला सवयच लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या दुष्काळाच्या साली माझ्या मित्राचा खून झाला. माझी बायको-पोरं शाळेपायी बीडला राहायची, म्हणून तो दुपारी आपली भाकरी घेऊन सोसायटीच्या ओट्यावर यायचा. "सचिव, तुझ्या कालवणापेक्षा टँकरचं पाणी बरं हाय," असं म्हणायचा आणि तेच कालवण वाटी पुसून खायचा. एका सकाळी तो आपल्याच शेताच्या बांधावर मरून पडलेला सापडला. मानेवर वार होता. आदल्या दिवशी मेंढरं त्याच्या कडब्यात शिरली म्हणून एका मेंढपाळाशी त्याचं जोराचं भांडण झालं होतं. त्या मेंढपाळाच्या झोपडीमागं कोयता सापडला, पात्याच्या मुळाशी काळपट डाग. गावाला आणखी पुरावा नको होता, आणि मलाही नको होता.

जप्तीला पंच अर्थातच मी. पण जमादारांजवळ सील करायला लाख नव्हती आणि त्यांना दुसऱ्या गावी जायची घाई होती. "उद्या सील करू. आजच्या दिवस तुमच्या गोदामात ठिवा," म्हणाले. मी कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून गोदामात ठेवला, कुलूप लावलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोसायटीच्या म्हाताऱ्या शिपायाच्या मात्र आलं. दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची. मी पोचलो तेव्हा वजनकाटा, पहार, टिकाव आणि तो कोयता ओळीनं मांडून त्यानं सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं. प्यायला पाणी नव्हतं अशा दिवसांत त्यानं राख लावून, तांब्याभर पाण्यात प्रत्येक लोखंड घासलं होतं. त्याच्या अंगठ्याला चिंधी होती आणि ती भिजून लाल झाली होती. "लई धार हाय बघा त्या कोयत्याला," तो कौतुकानं म्हणाला. त्याच्यावर काय ओरडणार? सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

जमादार आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. त्यांनी फडक्यानं कुंकू पुसलं, कोयता कापडात बांधला, लाख लावली आणि पंचनाम्यावर आदल्या दिवसाची तारीख घातली. "सचिव, मेला तो तुमचाच दोस्त न? मंग करा सही." मी केली.

खटला उभा राहीपर्यंत काही वर्षं गेली. शिपाई वारला. तपासणीचा अहवाल आला होता: कोयत्यावर माणसाचं रक्त, गट सांगता येत नाही. ते रक्त मित्राचं की शिपायाचं, हा प्रश्न जमादार सोडले तर जगात फक्त मलाच पडू शकत होता. साक्षीच्या दिवशी मित्राची बायको माझ्याच एसटीत होती. मांजरसुंब्याला गाडी बदलताना तिनं माझ्या हातावर दशमी ठेवली. "भाऊजी, आता तुमच्यावरच हाय सगळं." ती दशमी मी तशीच पिशवीत ठेवली.

मला सत्याचा झटका वगैरे आला नव्हता. सरकारी वकिलांनी पढवलं होतं तेच बोलायचं ठरवून मी पिंजऱ्यात उभा राहिलो. जप्ती माझ्यासमोर झाली, सील माझ्यासमोर लागलं. मग आरोपीचा वकील उठला. तोही नवमीला कोयते पुजणाऱ्या ऊसतोड्यांच्याच घरातला, हे मला नंतर कळलं. त्यानं लाखेबद्दल, ठशाबद्दल विचारलं, मी निभावून नेलं. मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "जप्तीच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. तुमच्या सोसायटीत हत्यारं पुजतात का?"

आता नाही कसं म्हणणार? मागं आमचंच गाव बसलं होतं. मी हो म्हणालो. "धुऊन?" धुऊन. "सगळी?" तिथं मी पुटपुटलो. जज्जसाहेबांनी मोठ्यानं बोलायला सांगितलं, आणि मी मोठ्यानं सगळं सांगून टाकलं.

मेंढपाळ सुटला. गावात मला कुणी शिवी दिली नाही, त्यापेक्षा शिवी बरी. मी गेलो की पारावरचं बोलणं थांबायचं. "सचिव विकला गेला," असं पाठीमागं ऐकू यायचं. मित्राची बायको मला पाहिलं की पदर ओढून रस्ता बदलायची. मला तिचा राग यायचा, आणि मग स्वतःचा. दुपारची भाकरी मी ओट्यावर खायची सोडली, आत दार लोटून खायला लागलो.

एक दिवस मेंढपाळ सोसायटीत आला. तुरुंगात वाळून गेला होता, मेंढरं केव्हाच विकली गेली होती. तो वाकला तसे मी पाय मागं घेतले.

"पाया पडू नको. मी तुझ्यासाठी बोललो न्हाई."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "पन एक इचारायचं हाय. कोर्टानं सोडलं, गाव मानत न्हाई. घरचे बी मानत न्हाईत. तुमाला तरी पटलंय का, मी मारलं न्हाई म्हून?"

मी समोरच्या कागदांत तोंड घातलं. "कोयत्याचं मला ठावं होतं, ते सांगितलं. तुझं मला काय ठावं?"

"खरं हाय," म्हणाला, आणि काठी उचलून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची झोपडी रिकामी होती.

त्यानं मारलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण साऱ्या गावात त्याच्याशी बोलू शकेल असा मी एकटा होतो, आणि माझ्याशी बोलायला आलेला तो एकटा. मी त्याला साधं 'खाली बस' म्हणालो नाही.