शेजारणीचा इंग्रजीचा पेपर

इंग्रजीत ती पुन्हा नापास झाली, तेव्हा तिचा नवरा चीनहून फोनवर हसला. मी तिच्याच ओट्याशी वांगी चिरत होते.

"आयर्लंडात राहून इंग्रजी येत नाही, म्हणतोय," तिने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं जमतं.

आयर्लंडातल्या सँट्री या उपनगरात ती माझी चिनी शेजारीण. हॉटेलात दिवसभर गिऱ्हाइकांशी इंग्रजीच बोलते. पण तिला चीनमधल्या बिझनेस स्कूलला जायचंय आणि तिथल्या प्रवेश परीक्षेत लांबलचक उतारे नि भाषांतर असतं. म्हणून ती जिन्यात भिंतीकडे तोंड करून मोठ्याने शब्द घोकते.

"हळू म्हण गं," मी एकदा म्हटलं.

"हळू म्हटलेलं डोक्यात राहत नाही, आजी." माझ्या नातीचं ऐकून तीही मला आजी म्हणते.

हसून झाल्यावर नवरा म्हणाला, परीक्षा सोड, परत ये, माझ्या भावाच्या दुकानात बस; हेही तिनेच मला सांगितलं. तिने फोन ओट्यावर ठेवला आणि त्याच्या तोंडावर इंग्रजी शब्द म्हणायला लागली. तो ओरडला. तिने आवाज चढवला. शेवटी त्यानेच फोन बंद केला.

"पुढच्या वर्षी बसते," म्हणाली आणि माझ्या हातातली सुरी घेतली.

नापास ती झाली होती. पुन्हा बसणारही तीच.