मुख्याध्यापकांच्या नोटिशीच्या पट्ट्या

“कोण वाचणार आणि वाचून काय करणार, एवढं कळलं की कागद आपण होऊन बोलायला लागतो,” असं कात्रीबाई एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या. मुख्याध्यापकांना ते आवडलं नव्हतं. कागद बोलायला लागले तर शाळा कोण चालवणार?

कात्रीबाई भाषा शिकवत. इतर वर्गांत निबंध फळ्यावर उतरत आणि फळ्यावरून वह्यांत. बाई मात्र खरे कागद गोळा करत: पाण्याच्या मोटारीबरोबर आलेली माहिती, हरवलेल्या छत्रीची जाहिरात, शेजाऱ्याची तक्रार, कुणाचा माफीनामा. त्यांच्या आडव्या पट्ट्या करून त्या मुलांपुढे टाकत. पहिली कुठली? ही आधी का नाही? ही काढली तर काय बिघडतं? मग मुलं स्वतःची तक्रार, स्वतःचा माफीनामा लिहीत. घरी सासूबाई औषधाच्या डबीतला कागद उशीखाली दडवून ठेवत. “सुनेच्या हाती लागला, तर गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते शाळेत जाऊन विचारावं लागेल मला,” असं शेजारणींना सांगत.

बाई कागद पालथा घालूनच कापत. वरची नावाची पट्टी आणि खालची सहीची पट्टी टोपलीत. उरलेलं त्या मुलांबरोबरच पहिल्यांदा वाचत. शिकवणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक असलं की तो नुसता वाट बघत उभा राहतो, असं त्यांचं मत.

त्या वर्षी काही पालक वह्या घेऊन मुख्याध्यापकांकडे आले. दहावीचं वर्ष, आणि वहीत एक निबंध नाही! मुख्याध्यापक भिडस्त माणूस. बाईंसमोर बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी नोटीस लिहिली, की सोमवारपासून दहावी दुसऱ्या शिक्षकांकडे. आठवीपासून बाईंनी वाढवलेला वर्ग होता तो. नोटीस शिपायाकरवी बाईंच्या टेबलावर गेली. कार्यालयातले रद्दी कागदही तोच शिपाई बाईंना कापायला म्हणून तिथेच ठेवत असे.

शुक्रवार उजाडला तरी बाईंचं उत्तर नाही, रागाचा एक शब्द नाही. मुख्याध्यापकांना चैन पडेना. तिसऱ्या तासाला ते दहावीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

दाराजवळच्या बाकावर चार मुली पट्ट्यांवर ओणवल्या होत्या.

“बाई, हे नोटिशीसारखं दिसतंय, पण नोटीस नाहीये,” एक म्हणाली.

“का गं?”

“काय करायचं ते आहे, कधीपासून तेही आहे. का, ते कुठेच नाही. ‘योग्य तो विचार करून’ मात्र तीनदा आलंय.”

“लिहिणारा घाबरलेला होता, बाई,” दुसरी म्हणाली. “माझे बाबा आईला न विचारता काही आणतात ना, तेव्हा अस्संच बोलतात.”

वर्ग खदखदून हसला. मुख्याध्यापकांनी मान पुढे केली आणि आपलंच अक्षर ओळखलं. आपलेच दात आपल्याच घशात! कानाच्या पाळ्या तापल्या. पळावं, तर चपला वाजणार.

बाई हसत हसत बाकापाशी आल्या आणि वाचू लागल्या. ‘सदर वर्ग सोमवारपासून अन्य शिक्षकांकडे...’ हसू एका ओळीवर थबकलं. त्यांनी वर पाहिलं, दारात मुख्याध्यापक दिसले.

“एक पट्टी कमी आहे,” बाई मुलींना म्हणाल्या. “कारणाची. सर, तुमच्याकडे राहिली का?”

“बघतो,” मुख्याध्यापक म्हणाले आणि निघाले.

खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं. कारण लिहायला बसले. ‘पालकांच्या तक्रारीवरून’ असं लिहिलं आणि थांबले. तक्रार आली होती हे खरं, पण तिच्यात तथ्य आहे का, ते त्यांनी कधी पाहिलं होतं? दहावीच्या वह्या मागवल्या. पहिल्या वहीत गळक्या नळाबद्दल नगरपालिकेला पत्र होतं, खाली शिक्का मारलेली पोच चिकटवलेली. दुसऱ्या वहीत मोठ्या बहिणीला माफीपत्र, त्याखाली बहिणीच्या अक्षरात, ‘बरं, सायकल घे.’ मुख्याध्यापक एकटेच मोठ्याने हसले. अठरा वर्षं ते नोटिसा काढत होते. एकीलाही कुणी असं उत्तर दिलं नव्हतं.

त्यांनी कोरा कागद घेतला. हा पालकांसाठी होता. चार मसुदे फाडले, पाचवा राहिला.

शाळा सुटायच्या आधी त्यांनी बाईंना बोलावलं.

“नोटीस रद्द केलीय. पालकांना हे पाठवतोय. दहावी तुमच्याकडेच का राहणार, ते लिहिलंय. कारणासकट. बघा जरा, बाई... जमलंय का?”

बाईंनी उभ्यानेच वाचलं. एकदा, मग पुन्हा, सावकाश. चष्मा काढून पदराने पुसला. बाहेर शेवटच्या तासाची घंटा झाली. पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं, दहावीचं हजेरीपुस्तक काखेत मारलं आणि वर्गाकडे निघाल्या.