तुझ्या आईची भट्टी नाही

"आठे नाही, इथे," सर म्हणाले. मग माझ्यासारखाच हेल काढून सगळ्यांना ऐकवलं, "आठे गॅस तपस." वर्गात हशा पिकला. मी फळ्यापाशी खडू धरून उभी. 'इथे वायू तापतो' हे मी ओघात अहिराणीत बोलून गेले होते. सर थांबले नाहीत. "हे कृष्णविवर आहे. तुझ्या आईची भट्टी नाही."

माझी आई धुळ्यात, देवपूरला शेंगदाणे भाजते. मीच कौतुकाने सरांना तिच्या हातचे दाणे नेऊन दिले होते. त्यांनी ते खाल्ले, आणि मग हे.

मी जळगावात या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. आकाशगंगांच्या मध्यावर महाप्रचंड कृष्णविवरं असतात. त्यांच्याभोवती फिरणारा वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते कसे निघतात, हे मी संगणकावर घडवून बघते. प्रोग्राम माझा. दोन वर्षं माझी.

"सगळं अनिकेतला दे. त्याला चारचौघांत बोलता येतं," सर म्हणाले. अनिकेत त्यांच्या मित्राचा मुलगा, माझ्यामागून आलेला. मी दिलं. निमूटपणे दिलं.

त्या दिवशी मला सरांचा राग आला नाही. आईची लाज वाटली. मी धुळ्याला जाणं कमी केलं. तिला सांगितलं, आता दाणे पाठवू नको. संध्याकाळी मेहरूण तलावाकाठी एकटीच फिरत 'आठे' नाही 'इथे', 'बठ्ठं' नाही 'सगळं', असं घोकायची. पंचवीस वर्षांची बाई, बालवाडीतल्या पोरासारखी.

वर्षभराने विभागात चर्चासत्र झालं. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. अनिकेत माझी चित्रं दाखवत होता. मॅडमनी विचारलं, "वायूचा हा भाग असाच का मांडला?" उत्तर शोधायला त्याने प्रोग्रामच पडद्यावर उघडला.

प्रोग्राममध्ये आपण स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवतो. संगणक ती वाचत नाही. मी ती अहिराणीत लिहिते, कारण डोकं त्याच भाषेत चालतं. अनिकेतने ती कधी वाचलीच नव्हती. भिंतभर अक्षरात माझी ओळ उमटली.

"हे काय लिहिलंय?" मॅडमनी विचारलं. सर म्हणाले, "काही नाही, जुना कचरा आहे."

मी उठले. आई बोलते तसंच वाचलं, "दाना रेतीमा जितला फिरस, तितला तपस. आठे उजेडनं बी तसंच शे."

मग समजावून सांगितलं. भट्टीत दाण्याला जाळ लागत नाही. तो तापलेल्या वाळूत फिरतो, कणाकणाकडून उष्णता घेतो. कृष्णविवराजवळचा मंद प्रकाशही तसाच तापलेल्या वायूत शिरतो, धडका खात ऊर्जा घेतो, आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. हे मला कुठल्या पुस्तकाआधी आईच्या कढईने दाखवलं होतं.

कोणी हसलं नाही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा आला.

आठवड्याने सरांनी शोधनिबंधाचा मसुदा पुढे सरकवला. लेखक सर आणि अनिकेत. शेवटी माझे आभार, "टंकलेखनातील मदतीबद्दल". सोबत संमतीचा कागद.

"सही कर. नाहीतर तुझा पीएच.डी.चा अहवाल माझ्या टेबलावरून हलणार नाही."

मी कागद घेऊन धुळ्याला गेले. भट्टीसमोर बसून आईला सगळं सांगितलं. तिची लाज वाटली होती, तेही सांगितलं. ती झारा चालवत राहिली. मग एवढंच म्हणाली, "बठ्ठं काम तुनं शे ना? मंग दुसरानं नाव काबर?"

मी सही केली नाही. सरांनीही शब्द पाळला. माझा अहवाल अडकला आहे. अनिकेत ओळख दाखवत नाही. पदवी मिळेल की नाही, कोण जाणे.

पण विद्यापीठाकडे तक्रार दिली आहे. माझ्या पूर्ण नावानिशी, जुन्या प्रोग्रामची प्रत जोडून. पुढच्या आठवड्यात समितीसमोर बोलावलंय. तिथे मी 'इथे' म्हणणार नाही. 'आठे' म्हणेन. ज्याला हसायचं असेल त्याने हसावं. माझी सही मिळणार नाही.