कन्नडला दहाच पोचले

रत्नमाला हिवाळे यांना कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या आसपास अजूनही टपालवाली म्हणूनच ओळखतात. एकोणीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं. सडकेनं गेलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून त्या गाडीवाटांनी, बांधांवरून, ओढ्याच्या काठाकाठानं जायच्या. कुठली वाट पोळ्यापर्यंत चिखलात असते, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पुढं नवऱ्याला, इंद्रजीतला, चिकलठाण्याच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. टपालाचं काम सोडून त्या शहरात मुकुंदवाडीला आल्या, स्टेशनाजवळ दोन खोल्यांत संसार मांडला आणि शाळेचे गणवेश शिवू लागल्या. सायकल मात्र विकली नाही.

एका रविवारी सात-आठ सायकलवाले त्यांच्या दारासमोर पंक्चर काढत थांबले होते. त्यांच्यातला हिमांशू नावाचा इंजिनिअर कुणालातरी विचारत होता, फुलंब्रीला जायला ट्रक नसलेला एखादा रस्ता आहे का? शिवायचं काम बाजूला ठेवून रत्नमाला बाहेर आल्या. कापडाच्या ताग्याला गुंडाळून आलेल्या खाकी कागदावर त्यांनी पेन्सिलीनं वाट काढून दिली. विहीर, मंदिर, शाळा, चढ, उतार, सगळं त्यावर होतं. पुढच्या रविवारी हिमांशू परत आला. "ताई, असाच आणखी एक काढून द्या. आणि तुम्हीच चला ना आमच्यासोबत."

तीन वर्षांत त्या गटाच्या बहुतेक सगळ्या वाटा रत्नमालाच ठरवू लागल्या. देवगिरीच्या पायथ्याची, खुलताबादेहून वेरूळला उतरणारी, गौताळ्याच्या जंगलाकडची. त्यांचा एक नियम होता. जी वाट द्यायची, ती आदल्या आठवड्यात स्वतः सायकल मारून बघायची.

गेल्या ऑक्टोबरात तो नियम मोडला.

फुलंब्री, पिशोर आणि तिथून कन्नड, असा बेत होता. कन्नडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वेरूळमार्गे परत यायचं. पण त्या आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात तासातासाला थेंब घालायचे होते. रत्नमालांनी पिशोरच्या मावसभावाला, कचरूला, फोन केला. "ओढ्याकडची वाट मोकळी हाय का रं?" "व्हय, मोकळी हाय," तो म्हणाला. तो कुठल्या ओढ्याबद्दल बोलतोय, हे त्यांनी विचारलं नाही. ती वाट त्यांनी हजार वेळा तुडवली होती.

पहाटे अकरा जण निघाले. त्यांत सगळ्यांत वयस्कर केशव देशपांडे, वय सहासष्ट, बँकेतून निवृत्त. त्यांना मधुमेह होता, पण गोळ्या, खाणं, सगळं घड्याळ लावून. निघताना त्यांची बायको भानुमती फाटकापर्यंत आली होती. "रत्नमाला, यांच्याकडे लक्ष ठेव हं. हे फोटो काढत मागे राहतात."

"काकू, काळजी करू नका. माझी वाट आहे ती," रत्नमाला म्हणाल्या.

दुपारी पिशोरला पिठलं-भाकरी खाऊन सगळे निघाले आणि दीड वाजता सडक सोडून गाडीवाटेला लागले. दोन्ही बाजूंना मका कापून पडलेला, पलीकडं अद्रकीचे हिरवेगार वाफे. रत्नमाला पुढच्या सहा जणांसोबत ओढ्यावर पोचल्या आणि ब्रेक दाबून थांबल्या. परतीच्या पावसानं फरशी पूल अर्धा वाहून गेला होता. राहिलेल्या अर्ध्याच्या लोखंडी सळ्या वर आल्या होत्या आणि खालून गढूळ पाणी जोरात चाललं होतं.

पुढच्यांनी सायकली खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून ओढा पार केला. मागच्या तुकडीत चारुता होती, दवाखान्यात फिजिओथेरपी करणारी, धीराची बाई. रत्नमालांनी तिला फोन लावला. "चारुता, इकडं येऊ नका. पूल गेलाय. माघारी फिरून सडकेनं कन्नडला या."

"बरं ताई, फिरते सगळ्यांना घेऊन," चारुता म्हणाली.

सव्वातीनला कन्नडच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीपाशी दोन्ही तुकड्या भेटल्या. रत्नमालांनी माणसं मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाच.

"केशवकाका कुठंयत?"

चारुताचा चेहरा उतरला. "ते तुमच्याबरोबर ओढा पार करून गेले ना?"

"माझ्याबरोबर नव्हते गं. मला वाटलं, तुझ्या मागं आहेत."

चारुताच्या तुकडीच्या आधी आणि रत्नमालांच्या नंतर, मधल्या रिकाम्या पट्ट्यात, केशवकाका कुठंतरी थांबले होते. फोटो काढायला असेल किंवा लघवीला. त्यांना कुणी माघारी फिरा म्हणालंच नव्हतं. फोन लावला तर बंद. हिमांशूनं मुक्कामाच्या जागी आणि पोलिसांना कळवण्याचं काम घेतलं, चारुता सडकेनं शोधायला गेली. रत्नमालांनी सायकल फिरवली ती सरळ गाडीवाटेकडं. कुणी म्हणालं, जीप करू. त्या म्हणाल्या, "जीप तिथं जात नाय," आणि निघाल्या.

दिवस कलायला लागला होता. पाय आपोआप चालत होते आणि डोक्यात एकच चित्र, त्या वाकड्या सळ्या. पाणी वाढलं असेल तर? माणूस वाहत गेला तर खाली कुठं अडकेल, हेही त्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचीच त्यांना भीती वाटत होती. दर वळणाला वाटायचं, आता पुढं पिवळं जाकीट दिसेल. दिसत नव्हतं.

ओढा पाचशे पावलांवर असताना फोन वाजला. भानुमतीकाकू.

"रत्नमाला, यांचा फोन लागत नाहीये. पोचलात का कन्नडला?"

रत्नमालांच्या तोंडून निघून गेलं, "हो काकू. पोचले सगळे. काकांच्या फोनची बॅटरी गेलीय. आंघोळीला गेलेत."

"गोळी घेतली का विचार हं त्यांना."

"हो. विचारते."

फोन खिशात टाकून त्या पुन्हा निघाल्या. आपण काय बोलून बसलो? परत फोन करावा तर सांगायचं काय?

ओढ्यावर कुणी नव्हतं. त्यांनी काठाकाठानं हाका मारल्या. "काका! ओ केशवकाका!" पाण्याच्या आवाजात हाक विरून जायची. मग सायकल खांद्यावर घेऊन त्या पाण्यातून पिशोरच्या काठावर आल्या. चिखलात बारीक टायरची एक खूण पाण्यापर्यंत आली होती, पण ती पाण्यात शिरली नव्हती. डावीकडं वळली होती. रत्नमालांनी सायकल तिथंच आडवी टाकली आणि त्या पळू लागल्या.

पुढं कपाशीच्या रानात एक म्हातारी कापूस वेचत होती. चंपाबाई, जुनी ओळखीची. तिच्या मनिऑर्डरी रत्नमालांनीच कितीदा आणून दिल्या होत्या.

"अगं टपालवाली तू? इकडं कुठं?"

"चंपाआजी, एक म्हातारा माणूस पाहिला का? पिवळं जाकीट, सायकल?"

"पाहिला की. दुपारी हितंच आला व्हता. पाण्यातून जाऊ का म्हणला. म्या म्हणलं, नगं बाबा, वर बंधाऱ्याकडं जा, तिथून पाण्याला उतार मिळंल. मग गेला. लई घामाघूम झाला व्हता."

लई घामाघूम. साखर उतरली की काकांना असाच घाम सुटतो, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

"आजी, गूळ हाय का गं जवळ?"

शिदोरीच्या फडक्यातला गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली घेऊन म्हातारी मागोमाग निघाली.

बंधाऱ्याच्या अलीकडं काठ खचला होता. दीड पुरुष खाली, येड्या बाभळीच्या जाळीत, सायकलचं चाक वर दिसत होतं. बाजूला केशवकाका बसले होते. एक खांदा विचित्र खाली आलेला, ओठ पांढरे, कपडे घामानं चिंब. रत्नमाला काटे ओरबाडत खाली उतरल्या.

"काका, मी रत्नमाला. ओळखलं का?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "शकू," ते म्हणाले, "आई कुठे गेली?" शकू त्यांची बहीण, कधीचीच वारलेली.

रत्नमालांनी गूळ फोडून थोडा थोडा त्यांच्या तोंडात दिला, घोटघोट पाणी पाजलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. चंपाबाई वरून विचारत राहिली, "बोलतोय का गं? बोलतोय का?" आणि मग केशवकाका एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "रत्नमाला, माझा चष्मा कुठाय?"

त्या वेळी त्या रडल्या.

चंपाबाईच्या मुलानं ट्रॅक्टर आणला, ट्रॅक्टरवरून सडक, सडकेवरून जीप, आणि अंधार पडता पडता कन्नडचा सरकारी दवाखाना. खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. बाकी धोका नव्हता.

दवाखान्याच्या पायरीवर बसून रत्नमालांनी भानुमतीकाकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पूल, चुकलेली मोजणी, आणि आपण खोटं बोललो तेही.

काकू म्हणाल्या, "तू पाच वाजता खरं बोलली असतीस, तर आमचा मिहिर केव्हाच गाडी घेऊन निघाला असता. तुला काय वाटलं, मी खचून गेले असते? वीस वर्षं मी यांची साखर सांभाळतेय."

"चुकलं काकू."

"हो. चुकलं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मुलगा मिहिर रात्री नऊला पोचला. तो काही लागट बोलला नाही, आणि तेच रत्नमालांना जास्त लागलं. त्यानंतर दीड महिना त्यांनी सायकलला हात लावला नाही. मशीनवर बसल्या की टाके चुकायचे. इंद्रजीत म्हणायचा, "अगं, माणूस वाचला ना?" त्या म्हणायच्या, "माझ्या वाटेवर पडला."

डिसेंबरात हिमांशू आला. गटाला जानेवारीत कोकणात जायचं होतं, किनाऱ्याकिनाऱ्यानं सात दिवस, आणि वाट रत्नमालांनीच काढावी असा सगळ्यांचा आग्रह होता. त्यांनी साफ नाही म्हटलं. त्यांनी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. दोन दिवसांनी केशवकाका स्वतः आले, हात गळ्यात, सोबत भानुमतीकाकू. काकू खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे गाडीतून जाणार, सामानाबरोबर. सायकल नाही. पण वाट तू बघणार असशील तरच मी पाठवते. न बघता दिलीस तर नाही."

दुसऱ्या दिवशी रत्नमालांनी किनाऱ्यावरच्या गावांतल्या टपाल कार्यालयांचे नंबर मिळवले आणि एकेका पोस्टमनला फोन लावायला सुरुवात केली. खाडी ओलांडायची बोट किती वाजता सुटते, चढ कुठं उभा आहे, पावसात कुठला रस्ता तुटलाय. आणि तेवढ्यावर भरवसा न ठेवता त्या चारुताला घेऊन गेल्या आणि सगळी वाट सायकलवर पालथी घातली. एका खाडीवरची बोट कधी चालते, कधी नाही, म्हणून तो अख्खा टप्पा त्यांनी कापून टाकला. हिमांशू हळहळला. त्या बधल्या नाहीत.

जानेवारीत तेरा जण गेले आणि तेरा परत आले. सातही दिवस रत्नमाला सगळ्यांच्या मागं होत्या. संध्याकाळी बाकीचे वाळूत उतरायचे, केशवकाका गाडीतून उतरून लाटांचे फोटो काढायचे. रत्नमाला रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभ्या राहायच्या, शेवटचा माणूस येईपर्यंत. तो आला की मग त्या चपला काढून पाण्याकडं जायच्या, पण घोट्याच्या वर पाणी आलं की मागं सरायच्या.