छत्री नेमकी कुठे बघते

बाळांनो, मागच्या रविवारी मी तुम्हाला फोनवरून गच्ची दाखवत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, ती भिंतीवरची पांढरी गोल थाळी कसली?" तुमच्या बाबाने लगेच विषय बदलला, कारण त्याला ती थाळी काढून टाकायची आहे. उत्तर राहून गेलं, म्हणून लिहिते. शिवाय समोरच्या टॉवरचा शेवटचा स्लॅब याच आठवड्यात भरला, त्यामुळे आता उत्तर पूर्ण देता येईल.

तिला आम्ही छत्री म्हणतो. ती उपग्रहाकडून मोफत वाहिन्या घेते आणि तिच्यातून निघालेली वायर खाली आपल्या टीव्हीच्या डब्याला येते. तुमच्या बाबाने पाठवलेला नवा इंटरनेटवर चालणारा टीव्हीही घरात आहे. पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजोबा त्याच्यावरच्या चौकटींच्या गर्दीत हरवतात, मग चिडतात आणि रिमोट माझ्या हातात देतात. छत्रीच्या डब्याचं तसं नाही. बटण दाबलं की कालची वाहिनी लागते. त्यावर ते सकाळी शेतीचा कार्यक्रम बघतात. जन्म डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत गेला, आपल्या मालकीची माती म्हणजे गॅलरीतल्या पाच कुंड्या. तरी ते डाव्या हाताने वहीत टिपणं काढतात. दिवसभरात कुणालाही हाक न मारता ते करतात असं हे एकच काम उरलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आग्नेयेकडची जुनी इमारत पाडली आणि टॉवर वर येऊ लागला. नेमका छत्रीच्या तोंडासमोर. मी तीस वर्षं एका कार्यालयाच्या ड्रॉइंग विभागात इमारतींचे नकाशे काढले, तेव्हा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेलं कुलूप घेऊन गच्चीवर गेले. छत्रीचं तोंड किती वर वळलेलं आहे ते मोजलं, फोनच्या नकाशावरून टॉवरचं अंतर काढलं आणि खाली येऊन सांगितलं, "तेराव्या मजल्याला आपलं चित्र जाणार."

सांगायला नको होतं. आजोबा वहीच्या शेवटच्या पानावर स्लॅब मोजू लागले. अकराव्याला त्यांनी विचारलं, "अगं, आंब्याच्या मोहोराचे भाग येईपर्यंत तरी चालेल ना?" मी हिशोबाचा कागद काढून आकडे पुन्हा तपासले.

तेरावा भरला, चित्र होतं. चौदावा भरला, तरी होतं. पंधराव्याला आजोबा अगदी खुशीत म्हणाले, "तू काढलेल्या इमारती उभ्या तरी आहेत का गं, एकदा बघून ये."

चित्र राहिलं याचा आनंद होताच, पण का राहिलं हे मला चैन पडू देईना. जवळच्या कोपर स्टेशनकडून छत्रीवाल्याला बोलावलं. छत्री त्यानेच बसवलेली. माझा कागद बघून तो हसला.

"काकू, तुम्ही तोंडावर गेलात. ही तोंडासमोर बघतच नाय. वाटते समोर बघते, पण बघते वर."

"कशावरून?"

"आता कशावरून म्हणजे काय! वीस वर्षं लावतोय."

मला तेवढं पुरेना. घरातली कणकेची मोठी परात आणली आणि कपडे वाळत घालायच्या काठीला बांधली. त्याने ती छत्रीपासून चार पावलांवर, अगदी तिच्या तोंडाच्या रेषेत धरली. मी फोनवर आजोबांना विचारलं, "अहो, गेलं?"

"काय गेलं? मोहोर चाललाय."

परात हळूहळू वर नेली.

"गेलं! गेलं! अगं, तुडतुड्यावरचं औषध सांगत होते, परात काय नाचवतेस!"

खाली आणली, चित्र आलं. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा आजोबांनी फोन ठेवून दिला.

छत्रीवाल्याने मग नीट समजावलं. ही पूर्ण वाटी नसते, एका मोठ्या वाटीचा बाजूने कापलेला तुकडा असतो. म्हणून ती उभी दिसते, पण वरून उतरणारे संदेश झेलून खालच्या दांड्यावरच्या डोळ्यात टाकते. मी तिच्या चेहऱ्याचा कोन मोजला होता, नजरेचा नाही. परातीची उंची धरून रेषा पुन्हा काढली. ती समोर पंचविसाव्या मजल्याच्या आसपास जात होती. खाली बिल्डरच्या पाटीवर बावीस मजले लिहिले होते. तरी या वेळी मी आजोबांना आकडा सांगितला नाही. बाविसावा भरेपर्यंत थांबले.

परवा तो भरला. वरचं पाण्याच्या टाकीचं बांधकाम अजून व्हायचं आहे, पण ते टॉवरच्या पलीकडच्या टोकाला आहे, रेषेबाहेर. बाबाला हे वाचून दाखवा आणि छत्री काढायची नाही एवढं माझ्या वतीने सांगा. आज सकाळी शेतीचा कार्यक्रम लागला, आणि तो आजोबांनी स्वतः लावला.